बंपर रबर : लहान भाग, मोठे नुकसान

गॅरेजच्या धंद्यात गिऱ्हाईक एकदा केलेल्या कामासाठी पुन्हा दारात उभे राहिले, तर त्या दिवसाची कमाई तर जातेच, पण त्याहून मोठी गोष्ट जाते, ती म्हणजे विश्वास. आमच्या ओळखीच्या एका उस्तादांच्या बाबतीत काही वर्षांपूर्वी हेच घडले. एका प्रवासी टॅक्सीचे मागचे दोन्ही शॉकअब त्यांनी बदलले. तीन महिन्यांत ते गळू लागले. उस्तादांनी मजुरी न घेता दुसरी जोडी बसवली. तीही चार महिन्यांत गेली. टॅक्सीवाल्याने उस्तादांवर नकली माल बसवल्याचा आरोप केला, उस्तादांनी सुट्या भागांच्या दुकानदाराला दोष दिला आणि दुकानदाराने कंपनीकडे बोट दाखवले. तिसऱ्यांदा शॉकअब उतरवले तेव्हा जमीन झाडणाऱ्या शिकाऊ मुलाने विचारले, "उस्ताद, हा तपकिरी भुसा कसला?" तो भुसा म्हणजे बंपर रबराचे अवशेष होते. शॉकअबच्या दांड्यावरील रबर पूर्णपणे झिजून चुरा झाले होते आणि वरच्या धूळ-टोपीत लपून राहिले होते. माल असली होता, मजुरीही नीट झाली होती. पण दोन्ही वेळा ते रबर कोणी पाहिलेच नव्हते.

दोष सापडला, परंतु गिऱ्हाईक परत आले नाही. म्हणून या लहानशा भागाची पूर्ण माहिती आमच्या कारागीर आणि व्यापारी बंधूंना असावी, या हेतूने हा पाठ आम्ही लिहीत आहोत.

हा भाग असतो कोठे?

कंपनीच्या यादीत याला बंप स्टॉप किंवा जाउन्स बंपर म्हणतात. आपल्याकडे कोणी बंपर रबर म्हणतो, कोणी स्टॉपर, तर कोणी नुसताच रबराचा गुटका. चाक वर जाताना त्याच्या हालचालीची शेवटची हद्द ठरवणे आणि लोखंडावर लोखंड आदळू न देणे, हे त्याचे काम.

कमानीच्या म्हणजे पाट्यांच्या गाड्यांत हे रबर ॲक्सलच्या वर, चेसिसच्या खालच्या बाजूस बोल्टने बसवलेले असते. गाडीखाली वाकून पाहिले की लगेच दिसते. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींना मागे कमानीच होत्या. त्या टॅक्सींपैकी शेवटची २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती, आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली. त्या गाड्यांवर ज्यांनी हात बसवला, त्यांना रबर डोळ्यांसमोर पाहण्याची सवय होती.

आजच्या बहुतेक लहान मोटारींत पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. १९५० साली फोर्डच्या कॉन्सल मोटारीत ही रचना आली आणि पुढे जगभर पसरली. यात शॉकअबच्या चकचकीत दांड्यावर, वरच्या माउंटिंगच्या खाली, भोक असलेले लांबट रबर ओवलेले असते आणि त्यावर धूळ-टोपी असते. अनेक गाड्यांत मागच्या शॉकअबलाही अशीच रचना आहे. म्हणजे पूर्वी उघडे दिसणारे रबर आता टोपीच्या आत गेले. भाग तोच, काम तेच, पण नजरेआड. आमच्या उस्तादांची चूक झाली ती येथेच.

एक हिशेब

हे रबर नसले तर काय बिघडते, हे साध्या हिशेबाने समजून घेऊ. एका चाकावर गाडीचे २५० किलो वजन आहे असे धरा. हे नेहमीचे वजन स्प्रिंगने पेललेलेच आहे. आता मोठ्या खड्ड्यात स्प्रिंग आणि शॉकअब यांनी आपले काम करूनही थोडा जोर शिल्लक राहिला. तो ५ सेंटिमीटर उंचीवरून तेवढे वजन पडावे इतका आहे, असे समजा. म्हणजे २५० गुणिले ५, एकूण १,२५० किलो-सेंटिमीटर जोर कोठेतरी जिरवला पाहिजे.

रबर नसेल, लोखंड लोखंडावर आदळले आणि सर्व मिळून अर्ध्या सेंटिमीटरात हालचाल थांबली, तर सरासरी धक्का १,२५० भागिले अर्धा, म्हणजे २,५०० किलोचा बसतो. तोच जोर रबराने ४ सेंटिमीटर दबून जिरवला, तर सरासरी धक्का साधारण ३१२ किलोचा होतो. गाडी तीच, खड्डा तोच, चालवणारा तोच, पण धक्का आठपट कमी.

अडीच टनाचा घाव रोज दहा-वीस वेळा बसू लागला की शॉकअबच्या आतील पिस्टन तळाच्या व्हॉल्व्हवर आदळतो, सील फाटते, वरचे माउंटिंग सैल होते, बॉडीच्या वेल्डिंगला चिरा जातात. गिऱ्हाईक मात्र एवढेच म्हणते की "शॉकअब लवकर गेले."

ही साधी अडवणूक नव्हे, स्प्रिंग आहे

रबर म्हणजे केवळ मध्ये घातलेली गादी, असा समज आहे. तो चुकीचा आहे. रबर ही स्वतःच एक स्प्रिंग आहे. १९५९ साली ब्रिटनमध्ये आलेल्या मिनी मोटारीत ॲलेक्स मोल्टन यांनी पोलादी स्प्रिंगऐवजी रबराचे शंकूच वापरले होते. संपूर्ण गाडी रबरावर तोलली जात असे.

रबराचा एक गुणधर्म प्रत्येक कारागिराने लक्षात ठेवावा. भरीव रबर दाबले तरी त्याचे घनफळ जवळजवळ कमी होत नाही. वरून दाबाल तितके ते बाजूंनी फुगते. बाजूंनी फुगण्यास जागा नसेल, तर ते दगडासारखे वागते. म्हणूनच बंपर रबर शंकूच्या आकाराचे, निमुळत्या टोकाचे किंवा मधून पोकळ करतात. टोक पातळ असल्याने पहिला स्पर्श मऊ होतो. जसजसे दबत जाईल तसतसा रुंद भाग कामाला लागतो आणि विरोध वाढत जातो. धक्का एकदम न बसता चढत्या पायरीने बसतो, तो या आकारामुळे. कोणी टोक कापून सपाट केले, तर रबर तेवढेच दिसले तरी त्याचा गुण गेला.

रबर आणि फोम

रबर गंधक घालून तापवले की ते पक्के होते, ही गोष्ट अमेरिकेतील चार्ल्स गुडइयर यांना १८३९ मध्ये उमगली आणि १८४४ मध्ये त्यांनी तिचे पेटंट घेतले. कमानीच्या गाड्यांतील काळे गुटके आजही त्याच मूळ रीतीने बनतात. नैसर्गिक रबर, कार्बन ब्लॅक, गंधक, झिंक ऑक्साइड आणि इतर मसाला एकत्र मळून साच्यात तापवतात. नैसर्गिक रबर ताकदीने उत्तम. त्याचे शत्रू तीन : तेल-ग्रीस, ऊन आणि हवेतील ओझोन. तेलाने ते फुगून लिबलिबीत होते, तर ऊन आणि ओझोनमुळे त्यावर बारीक चिरा पडतात.

स्ट्रटच्या दांड्यावर मात्र बहुधा पिवळसर किंवा तपकिरी, वजनाला हलका, वळ्या-वळ्यांचा तुकडा सापडतो. तो साधा स्पंज नव्हे. ते सूक्ष्म छिद्रांचे पॉलियुरेथेन आहे. बीएएसएफ या जर्मन कंपनीचे सेलास्टो हे त्यातील प्रसिद्ध नाव. त्यात हवेचे अतिसूक्ष्म कप्पे असल्याने ते बाजूंनी फारसे न फुगता आपल्या उंचीच्या खूपच कमी उंचीइतके दबते आणि परत येते. टोपीच्या आत जागा अरुंद, म्हणून तेथे हाच माल योग्य. तेथे भरीव काळे रबर ओवले, तर ते पुरेसे दबत नाही आणि गाडी दगडासारखी लागते.

या फोमचाही एक शत्रू आहे, तो म्हणजे ओल. काही प्रकारचे पॉलियुरेथेन उष्ण आणि दमट हवेत वर्षानुवर्षे राहिले की आतून विरघळत जाते आणि बोटाने दाबताच भुगा होते. कोकणपट्टीत आणि मुंबईत काम करणाऱ्यांनी गाडी किती किलोमीटर चालली एवढेच न पाहता ती किती पावसाळे जुनी आहे हेही पाहावे.

गाडी वारंवार का आदळते?

रबर चांगले असूनही लवकर संपत असेल, तर कारण शोधले पाहिजे.

पहिले कारण वजन. डिकीत सीएनजीची टाकी बसवलेल्या गाड्या आपल्याकडे असंख्य आहेत. ६० लिटरच्या पोलादी टाकीचेच वजन साधारण ५० ते ६५ किलो भरते. म्हणजे एक मनुष्य मागे कायमचा बसलेला. त्यावर सामान आणि जादा सवाऱ्या. गाडी मागे दबली की ॲक्सल आणि रबर यांमधील मोकळी जागा कमी होते. मग जो खड्डा पूर्वी स्प्रिंगनेच जिरवला असता, त्यात रबरावर आदळ बसते.

दुसरे कारण थकलेली स्प्रिंग किंवा चपटी झालेली कमान. परिणाम तोच.

तिसरे कारण गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शिकेत गतिरोधक १० सेंटिमीटर उंच, ३.७ मीटर रुंद आणि ताशी २५ किलोमीटर वेगाने ओलांडता येईल असा गोलाकार सांगितला होता. गल्लोगल्ली हौसेने बांधलेले उंच आणि आखूड उंचवटे या मापात कोठेच बसत नाहीत. भरलेली गाडी त्यावरून गेली की रबर पूर्ण दबते.

चौथे कारण मरतुकडे शॉकअब. शॉकअब आणि बंपर रबर एकमेकांचे सोबती आहेत. एक गेला की दुसऱ्यावर भार पडतो. म्हणून जोडीने तपासावेत.

तपासणी कशी करावी?

१. गाडी सपाट जागेवर रिकामी उभी करा. कमानीच्या गाडीत रबर आणि ॲक्सल यांतील अंतर दोन्ही बाजूंनी मोजा. दोन्हींत ठळक फरक असेल, तर एका बाजूची कमान बसली आहे.

२. रबराच्या टोकाला चमक आली आहे का, समोरच्या लोखंडावर रंग उडून ठसा पडला आहे का, ते पाहा. असा ठसा म्हणजे रोजच्या मारामारीचा पुरावा.

३. रबर अंगठ्याने दाबा व थोडे वाकवा. चिरा, लिबलिबीतपणा किंवा लोखंडी पट्टीपासून सुटलेली कड दिसली तर ते बदला.

४. स्ट्रट असेल तर धूळ-टोपी वर सरकवून आतील तुकडा हाताने चाचपा. टोपी फाटकी असेल तर तीही बदला. फाटक्या टोपीतून धूळ दांड्यावर बसते, दांड्यावर ओरखडे येतात आणि नवे सील खराब होते.

५. शंका असेल तेव्हा एक सोपी युक्ती आहे. कमानीच्या गाडीत रबराच्या टोकावर कणकेचा गोळा चिकटवा आणि गिऱ्हाइकाच्या नेहमीच्या वजनाने, नेहमीच्या रस्त्यावर एक फेरी मारा. परत येऊन गोळा किती चपटा झाला ते पाहा. स्ट्रटच्या गाडीत टोपी वर सरकवून दांड्यावर प्लॅस्टिकची बांधपट्टी आवळून बसवा. फेरीनंतर ती कोठवर सरकली, त्यावरून दांडा किती आत गेला ते कळते. हा पुरावा गिऱ्हाइकाला दाखवता येतो. तोंडी सांगण्यापेक्षा त्याचा परिणाम अधिक होतो.

चार चुका टाळा

पहिली चूक, गाडी खाली बसवण्याच्या हौसेपायी रबर कापणे. तरुण गिऱ्हाईक स्प्रिंग कापून आणते आणि गाडी आदळते म्हणून रबरही कापा म्हणते. रबर कापल्यावर चाक आणखी वर जाते, टायर मडगार्डला घासतो आणि शॉकअब तळाला लागतो. असे काम नाकारलेले बरे.

दुसरी चूक, जुन्या टायरचा तुकडा कापून बोल्टने ठोकणे. टायरच्या तुकड्यात दोरा आणि तार असते. तो दबत नाही. तात्पुरता आवाज बंद होतो, पण घाव तसाच बसतो.

तिसरी चूक, कॉइल स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये घालायच्या रबरी चकत्यांना बंपर रबराचा पर्याय समजणे. त्या चकत्या वेढा अडवतात. अडवलेला भाग काम करत नाही, उरलेल्या वेढ्यांवर ताण वाढतो. गाडी थोडी उचललेली दिसते, परंतु शेवटची हद्द सांभाळण्याचे काम त्या करत नाहीत.

चौथी चूक, एकसारखे दिसते म्हणून दुसऱ्या गाडीचे बसवणे. एकाच नावाच्या पेट्रोल आणि विजेवरील गाडीतही बॅटरीमुळे वजन वेगळे असते. लांबी अर्ध्या इंचाने चुकली तरी चाकाची चाल बदलते. भागाचा क्रमांक पाहूनच घ्यावे.

व्यापारी बंधूंसाठी

कुर्ल्याच्या बाजारात असो वा तालुक्याच्या गावातील दुकानात, हे रबर पारखताना दोन गैरसमज आढळतात. एक, जड माल तो चांगला माल. दुसरा, कडक रबर ते मजबूत रबर. दोन्ही खोटे आहेत. रबरात खडूची भुकटी किंवा माती अधिक घातली की माल स्वस्त आणि जड होतो. एकाच मापाच्या दोन तुकड्यांत विनाकारण जड असलेल्याबद्दल संशय घ्यावा. तो वाकवला तर घडीवर अनेकदा पांढुरकी रेघ उमटते. आणि वाजवीपेक्षा कडक रबर दबतच नाही, मग ते बसवून उपयोग काय?

माल काचेच्या कपाटात उन्हासमोर टांगू नका. वेल्डिंगच्या आणि मोटारपंपाच्या जवळ ठेवू नका. तेथे ओझोन तयार होतो. ढिगाखाली दाबून ठेवू नका. आधी आलेला माल आधी विका. तीन वर्षे खिळ्याला लटकलेले रबर नवे म्हणून देणे म्हणजे दोष झाकून विकणेच होय.

शॉकअबची जोडी विकताना रबर आणि टोपीचा संच जरूर दाखवा. जोडीच्या किमतीपुढे त्याची किंमत थोडी असते. गिऱ्हाइकाने नको म्हटले तर बिलावर तसे लिहा. उद्याचा वाद आजच मिटतो.

साच्यावर काम करणाऱ्यांसाठी

लहान प्रेसवर गुटके बनवणारे कारागीर बंधू आपल्यात आहेत. त्यांच्यासाठी तीन गोष्टी.

रबर उष्णता हळू वाहून नेते. जाड गुटका जास्त तापमानावर घाईने काढला, तर वरून पक्का आणि आतून कच्चा राहतो व पहिल्या पावसाळ्यातच मधून फाटतो. १५० अंशांच्या आसपास, जाडीप्रमाणे पुरेसा वेळ द्यावा. दर घाण्यातील एक नग मधोमध कापून पाहावा. आत छिद्रे किंवा चिकटपणा दिसला तर तो घाणा विकू नये.

लोखंडी पट्टीवर गंज आणि तेल राहिले तर मसाला कितीही भारी असला तरी चिकटत नाही. पट्टी नीट घासून, धुऊन, चिकटद्रव्याचा थर देऊन मगच साच्यात घालावी. नमुना उपटून पाहावा. रबर फाटले आणि पट्टीवर चिकटून राहिले तर जोड पक्का. पट्टी स्वच्छ निघाली तर जोड कच्चा.

तिसरी गोष्ट बसकण. मोठ्या कारखान्यांच्या खरेदी अधिकाऱ्याचा पहिला प्रश्न हाच असतो. रबरांच्या चाचण्यांसाठी भारतीय मानक आयएस ३४०० आहे आणि त्यात बसकण मोजण्याची रीतही दिली आहे. ढोबळ अंदाज मात्र घरीही येतो. ४० मिलिमीटर उंचीचा नग दोन पट्ट्यांत आवळून ३० मिलिमीटरवर आणा, एक दिवस ठेवा, सोडा आणि अर्ध्या तासाने मोजा. तो ३८ मिलिमीटरवर आला, तर दाबलेल्या १० पैकी २ मिलिमीटर परत आले नाहीत, म्हणजे बसकण २० टक्के. प्रयोगशाळेत हीच चाचणी बहुधा ७० अंश उष्णतेत घेतात आणि तेथे आकडा वाढतो. दर घाण्याचा आकडा वहीत लिहून ठेवणारा कारागीर मोठ्या गिऱ्हाइकासमोर ती वही ठेवू शकतो. ज्याच्याकडे वही नाही, त्याच्याकडे फक्त बोलणे असते.

शेवटी

आरंभी सांगितलेल्या उस्तादांनी त्यानंतर गॅरेजमध्ये एक नियम केला. शॉकअब उतरवला की जुने रबर आणि टोपी कागदावर काढून गिऱ्हाइकासमोर ठेवायची, मगच नव्या भागांची गोष्ट करायची. तो शिकाऊ मुलगा आता स्वतः स्ट्रट बांधतो. पहिला टॅक्सीवाला परत आला नाही, पण तेव्हापासून शॉकअबच्या तक्रारीसाठी त्यांच्या दारात दुसऱ्यांदा कोणी उभे राहिलेले आम्ही पाहिले नाही.

आमची बंधूंना एवढीच विनंती आहे की पुढची गाडी उचलाल तेव्हा ती धूळ-टोपी एकदा वर सरकवा. अर्ध्या मिनिटाचे काम आहे.